गुलाबी विरजण

रविवार, नऊ फेब्रुवारी. स्थळ: खापरखेडा, वीज केंद्राच्या वसाहतीमागचं यशवंतभाऊंचं घर. वेळ: सकाळी अकरा. उपस्थित: त्यांच्या पत्नी वत्सलावहिनी, पुण्याहून आलेली मुलगी आणि जावई, वहिनींचे कुहीजवळच्या गावाहून आलेले धाकटे भाऊ सहदेव, वीज केंद्राच्या रसायनशाळेतले सात-आठ जुने सहकारी, गल्लीतली बरीच मंडळी, आणि आमच्या प्रयोगशाळेकडून आमचे संचालक व मी. भन्तेजी साडेअकराला आले. बैठकीचं टिपण ठेवायची माझी सवय इतकी जुनी आहे की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी पर्समधून वही काढली होती, आणि एवढं लिहून झाल्यावर आपण काय करतोय ते माझ्या लक्षात आलं. वही मिटली. समोर पांढऱ्या चादरीवर यशवंतभाऊंचा फोटो होता. चष्मा नाकावर खाली घसरलेला, नेहमीसारखाच.

यशवंत गजभिये हे नाव या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. त्यांच्या नावावर शोधनिबंध नाही, पदवीही एकच, बी. एस्सी. तीस वर्षं त्यांनी वीज केंद्राच्या रसायनशाळेत बॉयलरचं पाणी तपासलं, आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षं हिंगणा रस्त्यावरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दिवसाच्या कामांची यादी लिहीत होते. पहिलंच काम होतं, ‘यशवंतभाऊ: फ्रीझरमधली नळी काढून प्लेटवर पसरवणे.’ ते काम त्या दिवशी झालं नाही. ते आधीच व्हायला हवं होतं, आणि न होण्याचं कारण मी होते... त्याबद्दल पुढे सांगते.

आधी आमचं काम थोडक्यात. साखर, गूळ, पेज यांवर वाढणारे जिवाणू पुष्कळ आहेत. काही जिवाणू मात्र असे असतात की ज्यात कार्बनचा एकच अणू आहे अशा पदार्थावर त्यांचं सगळं भागतं. मिथेन वायू हा तसा एक पदार्थ, मिथेनॉल हा दुसरा. मिथेनॉल दिसतं स्पिरिटसारखं आणि माणसाला ते विष आहे. आमचे जिवाणू तेच खाऊन वाढतात. टाकीत पाणी, थोडे क्षार, भरपूर हवा आणि थेंबाथेंबानं मिथेनॉल, एवढ्यावर दोन-तीन दिवसांत टाकी दाट होते. मग ते गाळायचं, उकळवायचं, वाळवायचं. हाती येणाऱ्या भुकटीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात सोयाढेपेच्या जागी ती चालते. मिथेनॉल आम्ही ड्रमनं विकत आणतो, पण ते धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासूनही बनवता येतं. यशवंतभाऊंचा जीव अडकला होता तो या शेवटच्या वाक्यात.

“मॅडम, तीस वर्षं मी त्या चिमणीखाली पगार घेतला,” ते म्हणायचे. “दोरीवरचे कपडे झटकल्याबिगर आमच्या घरी कधी घडी नाही झाली, एवढी राख. त्या चिमणीतून कार्बन जाते नं, तो एकएकटाच जाते. त्याले कोणी घरात घेत नाही. हे आपले गुलाबी पोट्टे घेतात. एक दिवस तो धूर कोंबडीच्या पोटात गेलेला पाहीन, मंग मी मोकळा.”

“पण आपलं मिथेनॉल तर बाहेरून येतं,” मी एकदा म्हटलं.

“आज डरममधलं, उद्या चिमणीतलं. पोट्ट्यायले आधी खायची सवय तं लागू द्या!”

ते रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेच्या नियमांची बारा पानी पुस्तिका दिली होती. नवीन माणूस ती चाळतो, सही करतो आणि खणात टाकतो. यशवंतभाऊंनी ती घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिलीनं दुरुस्त करून परत आणली. तीन ठिकाणी क्रम चुकलेला होता आणि एके ठिकाणी मी एकच नियम दोनदा लिहिला होता. तेव्हापासून आमचं जमलं, म्हणजे आम्ही रोज भांडायला लागलो. माझा विश्वास कागदावर, त्यांचा हातावर. मी टाकीपाशी तक्ता लावला तर ते टाकीला कान लावून ऐकायचे. फेस वर चढायच्या आधी आवाज बदलतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तो बदलायचाही. मला ऐकू यायचा नाही एवढंच. सकाळी आले की माझ्या टेबलाशी थांबून यादी वाचायचे. “आज श्वास घ्यायचं लिहिलं नाही मॅडम. घ्यायचा का उद्यावर टाकायचा?” असं विचारून गंभीर चेहऱ्यानं पुढे जायचे.

आमचा जिवाणू सापडला तो त्यांनाच. अशा जातीचे जिवाणू झाडांच्या पानांवर राहतात, कारण वाढत्या पानातून मिथेनॉल अगदी किंचित झिरपत असतं. हे पुस्तकात असतं. यशवंतभाऊंनी ते वाचलं आणि त्या पावसाळ्यात जिथे जातील तिथून पानं आणायला सुरुवात केली. कोराडीच्या बसमधून उतरताना हातात पिशवी, पिशवीत पळस, कडुनिंब, तूर, आंब्याची पालवी, काय वाटेल ते. पान प्लेटमधल्या, म्हणजे चपट्या काचेच्या बशीतल्या, जेलीवर अलगद दाबायचं, उचलायचं, झाकण लावायचं. जेलीत खायला फक्त मिथेनॉल. चार-पाच दिवसांनी काही पानांचा ठसा जेलीवर गुलाबी उमटायचा, शिरांसकट, मेंदीच्या हातासारखा. अशा पाऊणशे पानांत जे एक खरं कामाचं निघालं ते धानाचं पान होतं, कुहीजवळच्या सहदेवभाऊंच्या बांधीतलं. म्हणजे वहिनींच्या माहेरचं. त्या ठशातला एक ठिपका बाकीच्यांहून दुप्पट वेगानं वाढत होता. मी त्याला रीतसर क्रमांक दिला. यशवंतभाऊ त्याला शेवटपर्यंत ‘विरजण’ म्हणत आले.

या जिवाणूंची एक अडचण अशी की मिथेनॉल खाताना ते फार तापतात, आणि नागपूरचा मे महिना त्यांच्या मदतीला असतो. दुसऱ्या वर्षी ऐन मेमध्ये टाकीला थंड पाणी पुरवणारं यंत्र बंद पडलं. कारागीर उद्या येतो म्हणाला. संचालक म्हणाले, ही फेरी सोडून द्या. मी ‘फेरी रद्द’ असं वहीत लिहायला घेतलं, तेवढ्यात यशवंतभाऊ ऑटोतून बर्फाच्या सहा लाद्या घेऊन हजर, गोणपाटात गुंडाळलेल्या. शेजारच्या लग्नाच्या हॉलवाल्याकडून मागून आणल्या होत्या! घंगाळात बर्फ, त्यातून नळीची वेटोळी, आणि दर वीस मिनिटांनी तापमान. माझी वही त्या दिवशी पहिल्यांदाच कामी आली असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत टाकी वाचली. उरलेल्या बर्फाचं त्यांनी पन्हं केलं आणि ते सगळ्यांना देताना एक ग्लास टाकीपुढेही ठेवला. “यायनंच तं खरी मेहनत केली जी.”

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला पहिली चाचणी झाली. सहदेवभाऊंच्या चाळीस कोंबड्या. आम्ही सगळे कुहीला गेलो होतो. फिकट गुलाबी भुकटी मिसळलेलं खाद्य ठेवलं, आणि कोंबड्या जवळ येऊन, मान वाकडी करून, लांब गेल्या. संचालक अस्वस्थ. सहदेवभाऊ बहिणीच्या नवऱ्याकडे बघून खळखळून हसले. “भाटवे, तुमच्या धुराले वास येऊन राहिला काय?” यशवंतभाऊ खाली बसले, ताटलीत बोट बुडवून जमिनीवर ठक-ठक-ठक करत राहिले, आई कोंबडी पिल्लांना बोलावते तसं. एक आली. मग दुसरी. मग ताटलीत जागा उरली नाही. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. महिनाभरानं सहदेवभाऊंनी फोन करून सांगितलं की अंड्यातला बलक जास्त केशरी झाला. मी म्हटलं, एवढ्यावर तसं म्हणता येणार नाही. यशवंतभाऊ म्हणाले, “कागदावर नका म्हणू. मनात म्हणा.”

आता चुकीचं सांगते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यशवंतभाऊ विरजण पुढे न्यायचे. काचेच्या नळीत तिरकी गोठवलेली जेली असते. स्पिरिटच्या दिव्यावर तारेचा आकडा लाल करायचा, निववायचा, जुन्या नळीतलं टोकभर गुलाबी उचलायचं, नव्या जेलीवर नागमोडी ओढायचं, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, बंद. हे ते इतक्या सहज करायचे की बघणाऱ्याला वाटावं, उदबत्ती लावतायत. पण मला त्या कामात धोका दिसत होता. महिन्याला एकदा हाताळणी म्हणजे वर्षाला बारा वेळा चुकायची संधी. दिवाळीच्या आधी आम्हाला नवा खोल-थंड फ्रीझर मिळाला. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून यशवंतभाऊ आठवडाभर रजेवर होते. मी आणि एका सहकाऱ्यानं मिळून एका मोठ्या फ्लास्कमधून तीस नळ्या भरल्या, क्रमांक घातले, दोन कप्प्यांत लावल्या. सुबक काम झालं होतं. ते परत आले तेव्हा मी कौतुकानं दार उघडून दाखवलं.

“फ्लास्क प्लेटवर पसरवून पाह्यला होता काय?” त्यांनी विचारलं.

“आठवड्यापूर्वी तपासला होता. आणि रंग तर गुलाबीच होता.”

“आठवड्यात पावना येते न् घरचाच होऊन जाते मॅडम. भरल्या त्या दिवशी पाहा लागते.”

“टाकी दुरुस्तीसाठी उघडलीय. ती होऊ दे, नवी फेरी सुरू करताना पाहू,” मी म्हटलं. आणि त्याच बैठकीत दोन गोष्टी लिहिल्या: जुन्या स्लँट, म्हणजे त्या तिरक्या जेलीच्या नळ्या, नष्ट करणे, यापुढे कोणतीही नळी प्रयोगशाळेबाहेर न नेणे. ते म्हणाले, “विरजण एकाच घरी नाही ठेवत. आपलं नासलं तं शेजारून आणता आलं पाह्यजे. काहून एवढी घाई करता?” मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, खाली सही केली, आणि जुन्या नळ्या स्वतःच्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या मोठ्या कुकरमध्ये, ठेवल्या. कुकरची वाफ सोडेपर्यंत ते तिथेच उभे होते. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

टाकीची दुरुस्ती लांबत जानेवारीपर्यंत गेली, आणि दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात ते गेले. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी फ्रीझरमधली पहिली नळी काढून पसरवली. दोनच दिवसांनी प्लेट पांढरी. दुसरी नळी, पांढरी. सहकाऱ्यानं तीसच्या तीस पसरवल्या, शनिवारपर्यंत सगळ्या पांढऱ्या. मिथेनॉल खाणारं एक पांढरं यीस्ट त्या फ्लास्कमध्ये शिरलेलं होतं. गुलाबी गर्दीत ते दिसलं नाही, आणि पुढे साठवणीत गुलाबी मेलं, ते टिकलं. माझ्या यादीत तीस नळ्या होत्या. खरं तर ती एकच चूक होती, तीसदा क्रमांक घातलेली. संचालकांनी रागावून काही म्हटलं नाही. शांतपणे एवढंच सांगितलं की कुहीच्या मोठ्या शेडमधली चाचणी मार्चअखेरपर्यंत सुरू झाली नाही तर हे काम बंद करावं लागेल. पुन्हा पानं गोळा करून तसला जिवाणू शोधायला वर्ष लागलं असतं, सापडलाच असता तर. यशवंतभाऊंची पाच वर्षं एका फ्लास्कमध्ये बुडाली होती आणि फ्लास्क मी भरला होता.

त्या रविवारी खापरखेड्याला मी या अवस्थेत बसले होते. मला वहिनींना एक गोष्ट विचारायची होती आणि त्या घरात, त्या दिवशी, ती विचारणं शोभत नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजींचं बोलणं झालं. रसायनशाळेतले एक जुने गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत बसले. जेवणं झाली. निघताना मी वहिनींचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

“मॅडम, तुमच्या मनात काही हाय. सांगून टाका.”

मी सांगितलं. सगळं. नळ्या कशा पांढऱ्या निघाल्या, आणि यशवंतभाऊंनी घरी एखादी ठेवली होती का...

वहिनींनी पदर तोंडाला लावला. “होती वं बाई. फ्रिजच्या दारात, अंड्यायच्या खणात. मले म्हणत, हात नको लावू, राहू दे. मले वाटे औषध हाय. पाहुणे येतीन म्हणून मीच परवा फ्रिज धुतला... फेकली मी. कचऱ्याच्या गाडीत गेली.”

मी म्हटलं, असू द्या. दुसरं काय म्हणणार? पण वहिनींना ते असू देता येईना. त्या दारातच बसल्या आणि रडू लागल्या. माणूस गेल्याचं रडणं त्यांनी दोन आठवडे धरून ठेवलं असावं, ते त्या नळीच्या निमित्तानं बाहेर आलं. मुलगी धावत आली. सहदेवभाऊ हातातला पाण्याचा जग ठेवून आले आणि विचारू लागले, काय झालं, कोणती नळी?

“तीच गा, गुलाबीवाली,” वहिनी म्हणाल्या.

“मंग त्याच्यासाठी काहून रडतं तू? माझ्याकडं हाय ना एक. लशीच्या फ्रिजात.”

“तुमच्याकडे कशी?” मी विचारलं.

“भाटव्यानं पोळ्याले आले तवाच देली. म्हणे, ज्याच्या घरून विरजण आणलं त्याच्या घरी एक वाटी ठेवा लागते. म्या म्हटलं, ठेवा बापा, कोंबड्यायच्या लशीसंगं राहीन. पन मॅडम,” सहदेवभाऊ म्हणाले, “मागच्या महिन्यात डीपी जळली होती. चार दिवस फ्रिज बंदच होता.”

मी त्यांच्यासोबत लगेच निघाले. संचालकांनी गाडी दिली. खापरखेडा ते कुही म्हणजे नागपूर मध्ये टाकून या टोकाहून त्या टोकाला. वाटेत सहदेवभाऊ बहिणीच्या लग्नातल्या गोष्टी सांगत होते. नवरदेव चष्मा घरी विसरून आला होता आणि हार भलतीच्याच गळ्यात घालणार होता, तेव्हा वरातीतलेच कोणीतरी ओरडले, “थांब गा यशवंता, ते तुझी साळी हाय!” मी हसले, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हसले असं मला जाणवलं. धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, कुठे कुठे लाखोळी हिरवी उभी होती. शेडमागच्या खोलीतला छोटा फ्रिज त्यांनी उघडला. लशींच्या बाटल्यांमागे औषधाच्या रिकाम्या डब्यात नळी होती. जेली सुकून आक्रसली होती, काचेपासून सुटली होती. तिच्यावर विटकरी पापुद्रा. चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख होती, त्यांच्या अक्षरात.

ती तारीख मी दोनदा वाचली. नियम मी दिवाळीच्या वेळी केला. नळी पोळ्याची होती. म्हणजे त्यांनी नियम मोडलेला नव्हता. सही केल्यानंतर ते घरातली किंवा कुहीची नळी परतही आणू शकले असते, पण मी तसं लिहिलं नव्हतं. ‘यापुढे न नेणे’ एवढंच लिहिलं होतं. आधी गेलेल्याचं काय, हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि माझ्यासारख्या बाईला ते सुचलंही नाही. माझ्याच नियमात एवढी फट होती आणि ती त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती. या वेळी पेन्सिलीनं दुरुस्त करून आणली नाही, इतकंच.

प्रयोगशाळेत आल्यावर सुकलेला पापुद्रा थोड्या पाण्यात भिजवला आणि पाच प्लेटवर पसरवला. पहिला दिवस काही नाही. दुसरा काही नाही. तिसऱ्या दिवशी संचालक सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा सहज म्हणून डोकावून गेले. चौथ्या दिवशीही प्लेट स्वच्छ. वहिनींचा फोन रोज यायचा. “उगवलं काय?” एवढंच विचारायच्या. सहाव्या दिवशी, शनिवारी, तिसऱ्या प्लेटच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका दिसला. भिंग लावलं. गुलाबी. सोमवारपर्यंत असे अकरा झाले. मी वहिनींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “पाहा. चार दिवस फ्रिज बंद होता तरी.” आणि मग, “ते असते तं म्हणाले असते, मी म्हणतच होतो.”

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टाकी सुरू झाली. मोठ्या शेडमधली चाचणी आता चालू आहे. कोंबड्या पहिल्या दिवशी पुन्हा लांब गेल्या, सहदेवभाऊंनी खाली बसून बोटानं ठक-ठक केलं, आणि त्या आल्या. यशवंतभाऊंचा धूर अजून ड्रममधूनच येतो आहे, पण वीज केंद्राच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघे परवा प्रयोगशाळा बघून गेले आणि चिमणीतल्या वायूबद्दल संचालकांशी तासभर बोलले. बोलण्यातून काय निघेल ते निघेल. हे सगळं ऐकायला यशवंतभाऊ हवे होते असं मी लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर मला हळहळीपेक्षा समाधानच जास्त वाटतं. ज्या माणसाचं काम त्याच्यामागे त्याच्या मेव्हण्याच्या फ्रिजात जिवंत राहतं, त्यानं आयुष्य नीट लावलेलं असतं.

नियम बदलला आहे. विरजण आता पाच ठिकाणी ठेवायचं, आणि भरल्या दिवशीच प्लेटवर पाहायचं. पहिलं ठिकाण आमचा फ्रीझर. दुसरं शहरातल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तिसरं जिवाणूंचा सरकारी संग्रह. तिथला फॉर्म भरताना ‘शोधणारा’ या रकान्यात यशवंत गजभिये लिहिलं, आणि ‘कोठून’ या रकान्यात कुही तालुक्यातल्या धानाचं पान. चौथं सहदेवभाऊ. पाचवं वत्सलावहिनी. त्यांनी स्वतः मागून घेतलं आहे. “मले द्या एक. आता नाही फेकत,” म्हणाल्या. संचालकांनी भुवया उंचावल्या, पण सही केली.

चार नळ्या माझ्या सहकाऱ्यानं केल्या. पाचवी, वहिनींची, मी करायची ठरवली आहे. बावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळते, पण दिव्यापुढे बसून हे काम मी कधी हातानं केलं नव्हतं. ते करणारे लोक होते आणि त्यांची यादी माझ्याकडे होती. पहिल्या वेळी आकडा निवायच्या आधीच लावला, जिवाणू भाजले. दुसऱ्या वेळी जेली फाटली. तिसऱ्या वेळी रेघ छान नागमोडी आली, मीच खूश झाले, आणि चौथ्या दिवशी गुलाबीच्या मधोमध एक पांढरा ठिपका निघाला. वहिनी विचारतात, कधी येता? मी म्हणते, येते. फेकलेल्या तीन नळ्यांची नोंद वहीत केली आहे. आज सकाळी नवी जेली तिरकी गोठवून ठेवली आहे आणि दिव्यात स्पिरिट भरलं आहे. नळी अजून व्हायची आहे.